ओल्या अंथरुणाचा अपराध

मुलाला गोवर निघाला, कांजिण्या आल्या किंवा साधा ताप भरला, तरी चाळीतले चार शेजारी चौकशीला येतात, कोणी मोसंबी आणून देतो, शाळेत रजेचा अर्ज जातो आणि मास्तरही दोन दिवस गृहपाठाची सूट देतात. आजाराला समाजात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. मात्र सहा-सात वर्षांचे मूल झोपेत अंथरूण ओले करीत असले की त्याची वाच्यता उंबरठ्याबाहेर होता कामा नये, असा अलिखित नियम लागू होतो. गोधडी भल्या पहाटे, शेजारी जागे होण्याच्या आत धुतली जाते. गादी गॅलरीच्या कठड्यावर न टाकता खोलीतच खिडकीतल्या तिरिपेला उभी केली जाते. आजोळचा मुक्काम, लग्नघरचे आमंत्रण, शाळेची सहल हे सारे काही ना काही सबबीखाली टळते. आणि बाहेर इतकी गुप्तता पाळणारे हेच घर आत मात्र रोज सकाळी त्या मुलाला आरोपी म्हणून उभे करते.

अपराधाला हेतू लागतो, हे तत्त्व न्यायालयात शेकडो वर्षे मान्य आहे. गाढ झोपलेल्या माणसाला हेतू असत नाही, हेही कोणी नाकारणार नाही. तरीसुद्धा "आळशी आहे, उठायचा कंटाळा करतो", "मुद्दाम करतो", "लाडाने बिघडला" हे निकाल सुशिक्षित घरांतही बिनदिक्कत दिले जातात. आपल्या जुन्या वैद्यकाने या बाबतीत अधिक समजूतदारपणा दाखविला होता, असे म्हणावे लागते. शारंगधरसंहितेत बालरोगांची जी गणना आहे तीत 'शय्यामूत्र' हे नाव सरळ येते. ज्याला रोग म्हटले त्याचे खापर मुलाच्या स्वभावावर फुटत नाही. आजचे वैद्यक तर पाच वर्षांच्या आतील मुलाच्या बाबतीत यास विकारही मानीत नाही. चार वर्षांच्या मुलाचे अंथरूण रात्री ओले होणे ही वाढीतली एक पायरी आहे, इतकेच.

ही पायरी ओलांडण्यास शरीरात तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली मूत्राशयाची धारणाशक्ती. मुलाच्या वयाच्या वर्षांत एक मिळवून त्या आकड्याला तिसाने गुणले की ती अदमासे मिलिलिटरमध्ये मिळते, असा एक सोपा आडाखा डॉक्टर वापरतात. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती २१० मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या एका पेल्याएवढी भरते. काही मुलांत ती याहून कमी असते, तर काहींचे मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावू लागते. दुसरी गोष्ट रात्री तयार होणाऱ्या लघवीचे प्रमाण. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवावयास लावते. मोठ्या माणसांत रात्री हे काम नीट चालते, म्हणूनच सात-आठ तास न उठता झोपता येते. डेन्मार्कमधील आर्हूस येथील संशोधकांनी १९८०च्या दशकात असे दाखवून दिले की, अंथरूण ओले करणाऱ्या कित्येक मुलांत या संप्रेरकाचे रात्रीचे प्रमाण पुरेसे वाढत नाही. परिणामी पेला लहान आणि नळ मोठा अशी स्थिती होते. तिसरी गोष्ट जाग येण्याची. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचूनही त्याने झोप मोडत नाही. "ढोल वाजवले तरी हा उठायचा नाही" ही आयांची तक्रार खरी आहे. पण तो त्या झोपेचा दोष आहे, मुलाचा नव्हे. या तिन्ही गोष्टी प्रत्येक मुलात आपापल्या वेळेला पक्व होतात. दात येण्याचे किंवा आवाज फुटण्याचे वय जसे सर्वांचे एक नसते, तसेच हेही.

ही वेळ बरीचशी वारशाने ठरते. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास झालेला असेल तर मुलाला तो होण्याचा संभव शंभरात ४४, दोघांनाही झालेला असेल तर ७७ आणि दोघांनाही नसेल तर सुमारे १५, असे आकडे वैद्यकीय ग्रंथांत दिलेले आढळतात. १९९५ साली डॅनिश कुटुंबांच्या अभ्यासातून तेराव्या गुणसूत्राशी याचा संबंधही दाखविण्यात आला. तेव्हा सकाळी मुलावर हात उगारणाऱ्या वडिलांनी आधी आपल्या आईला एक प्रश्न विचारावयास हरकत नाही. घरातल्या आजीला बहुधा सारे आठवत असते. ती बोलत नाही, कारण तिचा मुलगा आता घराचा कर्ता झालेला असतो. ज्याने आपल्या धाकट्याला "मलाही व्हायचे, पुढे आपोआप थांबले" एवढे एक वाक्य सांगून मोकळे करावयाचे, तोच गप्प राहतो आणि मूल असे समजून चालते की जगात हे आपल्या एकट्यालाच होते.

ते एकटे मुळीच नसते. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे १५, सात वर्षांच्या शंभरांत ५ ते १० आणि दहाव्या वर्षीही ५ च्या आसपास मुलांना हा त्रास असतो. मुलींपेक्षा मुलांत तो जवळजवळ दुपटीने आढळतो. चाळीस मुलांच्या दुसरीच्या वर्गात अशी दोन ते चार मुले बसलेली असतात आणि त्यांतील कोणालाही दुसऱ्याचा पत्ता नसतो. १९७४ साली फोर्साइथ व रेडमंड या डॉक्टरांनी ११२९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, कोणताही उपाय न करता दर वर्षी या मुलांपैकी सुमारे १४ ते १६ टक्के मुले आपोआप बरी होतात. हा आकडा साधा वाटतो, पण या विषयातील निम्मे गैरसमज त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पोसले गेले आहेत.

अशी कल्पना करावी की एखाद्या गावातील मांत्रिकाने शंभर मुलांना ताईत दिला. वर्षभरात त्यांतली पंधराएक मुले बरी होणारच होती, आणि ती होतात. त्यांच्या आया कृतज्ञतेने चार घरी सांगतात. उरलेल्या पंच्याऐंशींच्या आया काय करतात? गप्प बसतात. विषयच असा की अपयश सांगावयाचे म्हणजे आपल्या घरची लाज उघडी करावयाची. म्हणजे यश बोलते, अपयश मुके राहते आणि ताईताची कीर्ती वाढत जाते. पाच वर्षांनी त्या शंभरांपैकी निम्म्याहून अधिक मुले कोरडी उठू लागलेली असतात. ताईताच्या जागी अंगारा, दृष्ट काढणे, नवस, ओवा घातलेले काळ्या तिळाचे लाडू यांपैकी काहीही घातले तरी गणित बदलत नाही. लाडवांनी निदान मुलाच्या तोंडाला चव येते. पण त्याच जागी छडी घातली तर? छडीलाही वर्षाला पंधरा टक्के यश मिळते. "आम्ही दोन दिले, तेव्हा कुठे सवय सुटली" असे सांगणारे वडील खोटे बोलत नसतात. ते काळाचे श्रेय स्वतःच्या हाताला देत असतात. बाजारातील भाव आपोआप उतरले असता त्याचे श्रेय घेणारे मंत्री काही वेगळे करीत नाहीत.

छडीच्या या यशाची कथा एका मोठ्या लेखकाने लिहून ठेवली आहे. जॉर्ज ऑर्वेल याचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतीहारीचा. आठव्या वर्षी त्याला इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातल्या एका निवासी शाळेत ठेवण्यात आले. तेथे जाऊन एक-दोन आठवडे होतात न होतात तोच, चारएक वर्षांपूर्वी बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले. रात्री तो देवाची करुणा भाकून झोपे आणि सकाळी अंथरूण ओले असे. मुख्याध्यापकांनी त्याला घोड्याच्या चाबकाने फोडून काढले. पुढे हे बंद झाले, आणि हा रानटी उपाय कदाचित लागू पडलाही असेल, पण त्याची किंमत फार मोठी पडली, असे ऑर्वेलने प्रांजळपणे नमूद केले आहे. हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १९५२ साली छापला गेला. त्यातील खरी हृदयद्रावक गोष्ट चाबकाची नाही. इच्छा नसताना, नकळत, टाळण्याचा प्रयत्न करूनही माणसाच्या हातून पाप घडू शकते आणि त्याची शिक्षा न्याय्यच असते, अशी त्या आठ वर्षांच्या मुलाची खात्री पटली. चाबकाचे वळ उतरतात, ही समजूत मात्र पुढे पन्नाशीला येऊ घातलेल्या माणसाच्या लेखणीत शिल्लक होती.

ऑर्वेलच्या उदाहरणात आणखी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या मुलाचे अंथरूण जन्मापासून कधी सलग कोरडे राहिलेच नाही त्याची गोष्ट निराळी, आणि सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहून पुन्हा ओले होऊ लागले त्याची निराळी. पहिल्या प्रकारात मनाचा संबंध सहसा थोडा असतो. मन दुखावले जाते ते पुढे, रोजच्या बोलण्यांनी. दुसऱ्या प्रकारात मात्र घरात काय घडले याचा शोध घ्यावा लागतो. पाठचे भावंड आले, आजोबा गेले, आईबापांत बेबनाव झाला, शाळा बदलली किंवा मूल घरापासून तुटले, असे काही तरी मागे असू शकते. शरीराकडेही पाहावे लागते. मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागले, सारखे लघवीला जाऊ लागले, वजन उतरले आणि त्यात अंथरूण ओले होऊ लागले, तर तो बालवयातील मधुमेह असू शकतो. अशा वेळी एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठला पाहिजे. लघवीला जळजळ, ताप, दिवसाही कपडे ओले होणे ही चिन्हेही दुर्लक्षिण्यासारखी नाहीत. जुनाट बद्धकोष्ठ हे तर कोणाच्या ध्यानातही न येणारे कारण. भरलेले आतडे मूत्राशयाला दाबते आणि पोट साफ होऊ लागले की कित्येकदा अंथरूणही कोरडे होते.

उपाय आहेत, आणि त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातील मुलांच्या गाद्यांखाली ओलाव्याने वाजणारी घंटा बसविली. हेतू एवढाच की परिचारिकेला कळावे आणि तिने चादर बदलावी. पण काही दिवसांनी मुलेच कोरडी राहू लागली. १९३८ साली अमेरिकेतील मौरर दांपत्याने याच तत्त्वावर उपचारपद्धती बसविली. ही घंटा दोन-तीन महिने नेटाने वापरली तर सुमारे दोन तृतीयांश मुलांना गुण येतो. काहींचा त्रास उलटतो, पण पुन्हा घंटा लावता येते. डेस्मोप्रेसिनच्या गोळीने रात्रीची लघवी कमी होते, मात्र गोळी थांबली की त्रास बहुधा परत येतो आणि ती घेतल्यावर रात्री फार पाणी पिणे धोक्याचे असते. इमिप्रामीन हे १९६०पासून वापरात आलेले औषध जादा मात्रेत हृदयाला घातक ठरते, म्हणून ते आता मागे पडले आहे. अर्थात घंटा काय, गोळी काय, हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मुलाच्या इच्छेने. सहा वर्षांच्या मुलाला घंटेची घाई करण्याचे कारण नसते.

ज्या एका उपायाला पैसा लागत नाही तो शाळेच्या हाती आहे. रात्री लघवी होईल म्हणून या मुलांचे पाणी तोडण्याची पद्धत सर्रास आहे. वास्तविक त्यांनी दिवसभर भरपूर पाणी प्यावे, वेळच्या वेळी लघवीला जावे आणि संध्याकाळनंतर पाणी बेताने घ्यावे, असा सल्ला दिला जातो. पण शाळेतली मुतारी अशी असते की मुले दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, आणि तास चालू असताना बोट वर केले तर "मधल्या सुट्टीत काय करीत होतास?" हा प्रश्न ठरलेला. मूल दिवसभर तहान आणि लघवी दोन्ही दाबते, घरी येऊन घटाघटा पाणी पिते आणि रात्री त्याचा हिशेब अंथरुणात चुकता होतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. तेथे पाणी आहे काय आणि कडी लागते काय, हे मात्र त्या त्या शाळेलाच पाहावे लागते.

घरच्या संतापाबद्दल बोलताना घरावरही अन्याय होऊ नये. बारा बाय दहाच्या खोलीत एका अंथरुणावर तीन भावंडे झोपतात, तेव्हा एकाच्या लघवीने तिघे भिजतात. कापसाची गादी धुता येत नाही. तिचा वास जात नाही, आणि नवी गादी भरावयाची तर महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. ज्या वस्तीत टँकरची वाट पाहावी लागते तेथे एक गोधडी धुणे म्हणजे घरच्या पाण्यातील दोन-तीन बादल्या खर्ची घालणे. पावसाळ्यात ती वाळत नाही ते वेगळेच. हा सारा भार जवळजवळ सर्वस्वी आईवर पडतो. घरकामाची गणना राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण पहाटे चार वाजता धुतलेल्या गोधडीची गणना घरातही होत नाही. मुलाच्या पाठीत बसणारा धपाटा पुष्कळदा त्या बादलीचा असतो. म्हणून "मुलाला मारू नका" एवढा उपदेश करून थांबणे अपुरे आहे. गादीवर घालावयाला मेणकापडाचा एक तुकडा, वेगळी छोटी गोधडी आणि धुण्यापिळण्याला वडिलांचा हात, एवढ्याने त्या संतापाचे मूळच बरेचसे निघून जाते.

या श्रमाला एकदा सरकारी दप्तरी किंमत मिळाली होती. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन बाँबच्या भीतीने ब्रिटिश सरकारने अवघ्या तीन-चार दिवसांत सुमारे पंधरा लाख लोकांना शहरांतून खेड्यांत हलविले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती, आणि आईबापांना सोडून आलेली. पहिल्याच आठवड्यात खेड्यापाड्यांतील गृहिणींकडून ओल्या गाद्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. शहरी गरिबांच्या गलिच्छ सवयी, तिथल्या आयांचा निष्काळजीपणा यांवर वर्तमानपत्रांतून ताशेरे झडले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झालेल्या रिचर्ड टिटमस यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या युद्धकालीन समाजधोरणाच्या इतिहासात या प्रकरणाला मुद्दाम जागा दिली. गंभीर ग्रंथात असा विषय घेण्यास त्यांना संकोच वाटला नाही. घरापासून तुटलेल्या मुलांची ही भाषा आहे, हे हळूहळू अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले. अशी मुले ठेवणाऱ्या घरांना धुलाईचा जादा भत्ता मिळू लागला आणि ज्यांना कोणीच ठेवून घेईना त्यांच्यासाठी लहान वसतिगृहे निघाली. ऑक्सफर्डशायरमधील अशा वसतिगृहांना सल्ला देण्याचे काम डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी केले आणि बालमानसशास्त्रातील त्यांच्या विचाराला तेथे पुष्कळ सामग्री मिळाली.

महाराष्ट्राला घरापासून तुटलेली मुले पाहण्यासाठी युद्धाची वाट पाहावी लागत नाही. आदिवासी भागातील आश्रमशाळांत सहा वर्षांचे मूल पहिलीपासून राहावयास येते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की मागे राहणारी मुले आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहांत सहा-सहा महिने काढतात. ज्या वयात दहा-बारा टक्के मुलांचे अंथरूण तसेही ओले होते, त्याच वयात त्यांना आईपासून दूर, अनोळखी दिव्याखाली, ओळीने झोपविले जाते. येथे गुप्तता राखावयाला उंबरठाही नसतो. सकाळी कोणाची सतरंजी वाळत आहे हे साऱ्या वसतिगृहाला दिसते, आणि त्या दिवसापासून त्या मुलाला नवे नाव मिळते. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही बंदी केली आहे. ओली चादर खांद्यावर घेऊन मुलाला प्रार्थनेच्या वेळी उभे करणे त्या बंदीत येते, हे अधीक्षकांना कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. पळून घरी गेलेल्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटात 'गैरहजर' एवढेच लागते. कारणाचा रकाना असला तरी हे कारण त्यात कोण लिहिणार?

खर्च म्हणावा तर तो किरकोळ आहे. वसतिगृहाच्या साहित्यात मेणकापडाचे काही तुकडे आणि थोड्या जादा चादरी ठेवाव्यात, रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा जळत राहावा आणि झोपण्यापूर्वी सर्वच मुलांना एकदा तिकडे नेऊन आणावे, म्हणजे कोणा एकाला वेगळे काढावे लागत नाही. पहिलीच्या पन्नास मुलांमागे अशी पाच-सहा धरून चालावे. ती कोणती, हे कोठल्याही यादीत लिहिण्याचे कारण नाही.